न खोडलेला दावा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. शांतेलाही नाही, आणि तिच्याशी लग्न होऊन आता सत्तावीस वर्षं होतील. एका मे महिन्यात सलग सहा दिवस मी माझ्या कामाच्या जागी गेलो नाही, आणि सहाही दिवस गेलो होतो असं वहीत लिहिलं. सहा ओळी. प्रत्येक ओळीत दोनच शब्द : ‘पाणी पूर्ण’. त्याखाली माझी सही, मॅट्रिकच्या वळणदार अक्षरातली.

त्या सहा ओळींमुळे बावणेमास्तरांना भिलाई सोडावी लागली. मी मात्र राहिलो. पुढे कारखान्यात कायम झालो, पद्मनाभपुरात घर बांधलं, पोरी नांदायला गेल्या. पन्नाशी ओलांडली तरी तोंड उघडलं नाही. कदाचित अजूनही उघडलं नसतं. पण यंदाच्या गणपतीत आमच्या मंडळानं ‘जुने दिवस’ म्हणून एक कार्यक्रम ठेवला. त्यात ठवकरनं माईक हातात घेतला. ठवकर आणि मी तेव्हा एकाच लॅबमध्ये होतो. लोकांना हसवता हसवता तो म्हणाला, “आमचे एक मास्तर होते. साऱ्या दुनियेला खोटं पाडायचे. शेवटी एका मुकादमाकडून जांभळांची टोपली घेतली आन् गेले गावाले!”

सगळे हसले. मीही हसलो. घरी आल्यावर मात्र जेवण गेलं नाही.

म्हणून आता मास्तरांबद्दल लिहितो. कुणाला राग यायचा असेल तर येऊ दे.

भिवाजी बावणे तुमसरकडचे. तिकडे प्राथमिक शाळेत मास्तर होते. कारखान्याची जमीन सपाट होत होती, मैलोन्‌मैल लाल माती आणि मुरूम, तेव्हा ते इकडे आले. एका ठेकेदार कंपनीला वाळू, गिट्टी, सिमेंट तपासायला लिहिता-मोजता येणारी माणसं हवी होती. कंपनीचं नाव इथे नको. ती केव्हाच गुंडाळली. लॅब म्हणजे एक पत्र्याची शेड, दोन तराजू, चाळण्यांची चळत आणि काँक्रीटचे ठोकळे दाबून फोडायचं एक प्रेस. मास्तर तिचे प्रमुख. अंगानं काटक, रंग पाटीसारखा, खाकी हाफपँट, आणि डोक्यावर रोज धुतलेली पांढरी टोपी. एवढ्या धुळीत ती टोपी पांढरी कशी राहते हा साऱ्या साइटवर चर्चेचा विषय होता. उत्तर सोपं होतं : मास्तरांच्या बायकोकडे, म्हणजे आमच्या काकूंकडे, तीन टोप्या होत्या.

कुणी काही ठासून बोललं की मास्तर मान तिरकी करायचे, हातातलं काम खाली ठेवायचे आणि विचारायचे, “काय दिसलं म्हंजे तू खोटा पडशीन? ते सांग पयले.”

बहुतेक जण आपलंच वाक्य पुन्हा मोठ्यानं म्हणायचे. मग मास्तर पुन्हा काम उचलायचे. “मंग तू काही बोललाच नाई लेका. नुसती तोंडातली हवा गेली.”

एकदा मी आणि ठवकर वाळूवरून भांडत होतो. ठवकर म्हणे ढीग कोरडा आहे, मी म्हणे ओला. आहे-नाही, आहे-नाही, आवाज शेडबाहेर गेला. मास्तरांनी त्या ढिगातली शेरभर वाळू तोलली, तव्यात घातली, स्टोव्ह पेटवला आणि भाकरी भाजावी तशी सावकाश परतत बसले. वाफ संपली, वाळू पांढुरकी झाली, तेव्हा पुन्हा तोलली. वाळूचं पारडं चांगलंच वर गेलं होतं.

“किसन बरोबर निघाला,” ठवकर पडेल आवाजात म्हणाला.

“निघाला,” मास्तर म्हणाले. “पण किसननं खोडलं नाई. किसन ओरडला. खोडलं तव्यानं.”

बरोबर ठरूनही बोलणी खाल्लेला त्या शेडमधला मी पहिलाच असेन.

त्यांचा दुसरा एक दंडक होता, तो अधिक जाचक. ज्याचं खोडायचं त्याचं म्हणणं आधी त्याच्यापेक्षा चांगलं मांडून दाखवायचं. “त्याचा दावा सजवून, टिळा लावून उभा कर. मंग पाड. नाईतर तू त्याचं धोतर ओढलं, बाकी माणूस तसाच उभा.” ठवकर यावर म्हणायचा, “मास्तर, दुसऱ्याच्या दाव्याले टिळा लावता लावता आपली पाळी संपून जाते.” मास्तर म्हणायचे, “संपू दे. उद्याही पाळी आहे.”

आणि स्वतः खोटे पडले की? हे पाहायला मात्र लोक थांबायचे. मास्तर एकदम टाळी वाजवायचे, “खोडलं!” म्हणायचे आणि डोक्यावरची टोपी काढून समोरच्याच्या डोक्यावर ठेवायचे. ती त्यानं पाळी संपेपर्यंत घालायची आणि संध्याकाळी परत आणून द्यायची, हा नियम. तोवर मास्तर बोडके. “मास्तरनं टोपी घातली” असा पाचकळ विनोद साइटवर रोज व्हायचा आणि मास्तर त्यालाही हसायचे. टोपी मिळावी म्हणून माणसं त्यांच्याशी मुद्दाम वाद उकरून काढायची. माझ्या डोक्यावर ती तेव्हा एकदाही आली नाही.

एक रशियन तंत्रज्ञ होता. प्रचंड देहाचा, उन्हानं टोमॅटोसारखा झालेला. मास्तरांनी कँटीनमध्ये दावा केला की भिवापुरी मिरचीचा ठेचा या माणसाच्या देशात कुणाच्याही जिभेवर टिकणार नाही. कुणीतरी खुणांनी ते त्याला समजावलं. त्यानं काकूंच्या डब्यातला ठेचा पावावर लोण्यासारखा फासला, खाल्ला, डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, आणि त्यानं पुन्हा पाव पुढे केला. मास्तर उठले, बाकावर चढले, कारण एरवी हात पुरला नसता, आणि टोपी त्याच्या डोक्यावर ठेवली. ती डोक्यावर न बसता वाटीसारखी पालथी राहिली. त्या दिवशी तो धिप्पाड माणूस संध्याकाळपर्यंत क्रेनखाली गांधीटोपी घालून हिंडला.

काकूंनी तर ती कितीदा जिंकली असेल. मी त्यांच्या क्वार्टरवर जेवायला गेलो होतो तेव्हाची गोष्ट. मास्तर म्हणाले, “मी घरात आवाज चढवून बोलत नाई.” काकूंनी पदराचं टोक समोर धरलं. त्याला पाच गाठी होत्या.

“हे काय?”

“सोमवारपासूनच्या. आज गुरुवार आहे.”

मास्तरांनी गाठी नीट तपासल्या, जणू चाळणीची जाळी पाहताहेत. “ही चौथी कायची?”

“भाजीत मीठ नाई म्हणून. शेजारच्या साहूबाईनं भिंतीपलीकडून विचारलं, काय झालं म्हणून.”

“खोडलं!” मास्तरांनी टाळी दिली. काकूंनी पदरावरूनच टोपी घातली आणि तशाच वरण वाढायला आल्या. “तुमी जेवा बाप्पा,” मला म्हणाल्या, “याहिचं असंच चालते.”

पण हे सगळं गमतीचं होतं असं कुणाला वाटू नये. ते किती गंभीर होतं हे मला अफवेच्या वेळी कळलं.

भट्ट्यांच्या पायाचं खोदकाम सुरू होतं आणि कुठून तरी बातमी उठली की एवढ्या भट्ट्या उभ्या राहायच्या तर पायात लेकरांचा बळी लागतो. गाड्या येतात आणि मुलं उचलून नेतात. दोन दिवसांत निम्म्या रेजा कामावर यायच्या बंद झाल्या. रेजा म्हणजे डोक्यावर घमेली वाहणाऱ्या बाया, सगळ्या आसपासच्या गावांतल्या. साहेबलोक हसले. कुणी म्हणालं, अडाणी आहेत, दोन दिवस मजुरी बुडली की येतील.

मास्तर हसले नाहीत. ते दुकालहीन नावाच्या एका रेजाच्या झोपडीसमोर जाऊन बसले.

“लइका मन ला ले जाथे, मास्टर जी,” ती म्हणाली. मुलांना नेतात.

“कोणाचे नेले? नावं सांग.”

तिनं नावं सांगितली. शेजारणींनी भर घातली. आठ झाली. मास्तरांनी आठही लिहून घेतली, गाव, बापाचं नाव, वय. मग तिला म्हणाले, “हे आठ लेकरं जित्ते दिसले तर तुह्यं म्हणणं खोटं पडंन काय?” ती विचार करून म्हणाली, हो.

पुढचे दोन रविवार मास्तर दुकालहीन आणि आणखी एका बाईला घेऊन पायी हिंडले. सायकल घेऊन मी मागे. उतईच्या बाजूला पाच सापडली. कुणी मामाकडे, कुणी गाई राखत. दोन आणखी पुढच्या गावात. आठवी सुकवारो नावाची मुलगी, ती काही मिळेना. मी म्हणालो, “मास्तर, सात खोटी निघाली, आता पुरे.” ते माझ्याकडे असे पाहून राहिले की मी सायकलवर बसलो. सुकवारो शेवटी कुम्हारीला फुफूच्या, म्हणजे आत्याच्या घरी शेणी थापताना सापडली. दुकालहीननं तिचा गाल ओढून पाहिला.

सोमवारी रेजा आल्या. साहेबांनी मास्तरांची पाठ थोपटली, “बळीबिळी सगळं झूट आहे हे तुम्ही सिद्ध केलंत.”

“नाई साहेब,” मास्तर म्हणाले. “हे आठ लेकरं जित्ते आहेत, येवढंच सिद्ध केलं. नववं नाव आलं तर परत जावं लागंन.”

आता माझ्यावर येतो.

जिथे काँक्रीट ओतलं जाई, तिथल्याच घमेल्यातलं थोडं सहा इंची साच्यात भरून ठोकळे करायचे. दुसऱ्या दिवशी साचा सोडायचा आणि ठोकळे पाण्याच्या टाक्यात बुडवून ठेवायचे, अठ्ठावीस दिवस. मग प्रेसमध्ये फोडून पाहायचं, किती जोर सोसतात. ठोकळा पक्का तर ते बांधकाम पक्कं. काँक्रीट कोवळं असताना पाणी तुटलं तर ते पोसत नाही, कच्चं राहतं. यात अवघड काही नाही. टाक्यात पाणी आहे ना, हे रोज पाहायचं.

एका मोठ्या मशीनच्या पायाचा ब्लॉक लॅबपासून दीड कोसावर ओतला होता. इतवारी मुकादमाच्या टोळीनं. चाळीस माणसं, निम्म्या रेजा. ओतकाम थांबवता येत नव्हतं म्हणून त्यांनी एका दमात दीड दिवस घमेली वाहिली होती. त्या ब्लॉकचे ठोकळे तिथेच एका विटांच्या टाक्यात ठेवले होते, आणि रोज दुपारी सायकलवर जाऊन पाणी बघून यायचं काम माझं होतं.

शांता नुकतीच नांदायला आली होती. मे महिना. लू अशी वाहायची की सायकलचं हँडल धरवत नसे. मी दुपारी निघायचो ते थेट क्वार्टरवर जायचो. ती वाळ्याच्या पडद्यावर पाणी मारायची. तासाभरानं मी लॅबमध्ये येऊन लिहायचो, ‘पाणी पूर्ण’. पहिल्या दिवशी वाटलं, काल तर भरलेलंच होतं. दुसऱ्या दिवसापासून वाटेनासं झालं.

सातव्या दिवशी गेलो. टाक्याच्या बुडाचं बूच सैल झालं होतं, पाणी रोज थोडं थोडं झिरपून गेलं होतं. टाकं ठणठणीत कोरडं. ठोकळे पांढरेफटक, हात लावला तर चटका बसला. टाक्याच्या सावलीला एक शेळी बसली होती. मी बूच ठोकलं, टँकरवाल्याच्या हातापाया पडून पाणी घेतलं आणि टाकं काठोकाठ भरलं. त्या दिवसाचं ‘पाणी पूर्ण’ तेवढं खरं होतं.

अठ्ठावीस दिवसांनी ठोकळे फोडले. प्रेसचा काटा अर्ध्यावरही गेला नाही आणि पहिला ठोकळा बिस्किटासारखा बसला. दुसरा तसाच. तिसराही. मास्तरांनी आकडे लिहिले आणि वर पाठवले. दुसरं काही करण्याचा प्रश्नच नव्हता.

कंपनीचे इंजिनिअर अंबेकरसाहेब. माणूस वाईट नव्हता, पण वरून दाब होता. त्यांनी सरळ निष्कर्ष काढला : इतवारीच्या टोळीनं सिमेंटची पोती परस्पर विकली, म्हणून ब्लॉक कच्चा. ब्लॉक फोडायचा, टोळी काढायची. इतवारीला चौकीवर नेलं. दोन दिवसांनी सोडलं तेव्हा त्याचा एक कान सुजला होता. चाळीस माणसं गेटबाहेर उकिडवी बसून राहिली. मी रोज त्यांच्यासमोरून सायकल नेत होतो. एकदा इतवारीनं मला अडवलं. “बाबू, मैं चोरी नइ करे हंव,” तो म्हणाला. मी म्हणालो, “मोठ्या साहेबांना सांग.” हे शब्द मी उच्चारले. ते मला पाठ आहेत.

मास्तर साहेबांच्या केबिनमध्ये गेले तेव्हा वही घेऊन मी बरोबर होतो.

“तुम्हाला इतवारीचा एवढा कळवळा कशाचा?” साहेबांनी विचारलं.

“कळवळा नाई साहेब. तो चोर असंन, नसंन. मी त्याच्या बाजूनं नाई. तुमच्या दाव्याच्या विरुद्ध आहो.” मग त्यांनी साहेबांचा दावा साहेबांपेक्षा नीट मांडला. ठोकळे त्याच घमेल्यातले, टाकं लॅबचं, प्रेस बरोबर, तरी तीनही फुटले. म्हणजे मालच कच्चा होता, आणि माल इतवारीच्या हातात होता. साहेब म्हणाले, “मग? झालं तर!”

“पण ठोकळा हा साक्षीदार आहे. ब्लॉक सोता हजर आहे. हजर असलेल्याले सोडून साक्षीदाराचंच ऐकून राहिले तुमी.”

“नियम ठोकळ्यांचा आहे, मास्तर.”

“नियम आहे. पण ब्लॉक कच्चा आहे हे तुमी म्हणता. काय दिसलं म्हंजे तुमी खोटे पडसान?”

साहेब चिडले. ब्लॉकला कुणी हात लावला तर त्याची नोकरी जाईल, असं बजावलं. मास्तर म्हणाले, “जाऊ द्या,” आणि चालू लागले. सरळ ब्लॉककडे. वाटेत लोहाराकडून छिन्नी आणि घण उचलला. माणसं मागे जमत गेली. गेटबाहेरची टोळीही आत शिरली, कुणी अडवलं नाही. मागून साहेबांची जीप आली.

इतवारी घण घ्यायला पुढे झाला. “तू नको,” मास्तर म्हणाले. “तू मारला तर म्हणतीन, हळू मारला.” आणि जीपमधून उतरलेल्या साहेबांपुढे त्यांनी घणाचा दांडा धरला. “तुमी मारा. जिथं वाटंन तिथं. पूर्ण जोर लावून.”

“वेडे आहात का तुम्ही?”

“कच्चा असंन तर छिन्नी भसकन आत जाईन. गिट्टी सिमेंटच्या मसाल्यातून शेंगदाण्यावानी सुटून येईन. पक्का असंन तर गिट्टी सोता फुटंन, पण मसाला सोडणार नाई. हे तुमाले माह्यापेक्षा जास्त समजते. तुमी इंजिनिअर.”

दोनशे माणसं बघत होती. साहेबांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या. छिन्नी मास्तरांनी स्वतः धरली, साहेबांच्या घणाखाली. पहिला घाव सटकला. दुसऱ्याला ठिणगी उडाली. साहेब मग चवताळून मारू लागले, एका जागी, मग दुसऱ्या कोपऱ्यावर, मग तिसऱ्या. शेवटी मुठीएवढा तुकडा निघाला. साहेब घामानं निथळत होते. त्यांनी तुकडा उचलला. काळी गिट्टी मधोमध फुटली होती, दोन्ही बाजूंना मसाल्यात गच्च रुतलेली. छिन्नीचं टोक बटनासारखं चपटं झालं होतं.

साहेबांनी तुकडा दोन्ही बाजूंनी फिरवून पाहिला. मग, त्यांचा मान राखून सांगतो, मोठ्यानं म्हणाले, “ब्लॉक पक्का आहे.”

टोळीतल्या बाया रडू लागल्या. इतवारीनं वाकून ब्लॉकला हात लावला.

“मग ठोकळे का फुटले, मास्तर?” साहेबांनी विचारलं. “टाक्यात पाणी नव्हतं?”

आणि इथे मास्तरांनी दावा केला. कुणी मागितला नव्हता. “पाणी होतं. वहीत लिहिलेलं आहे. माह्या लॅबच्या वहीत खोटं नाई साहेब.”

साहेब थोडं हसले. “काय दिसलं म्हणजे तुम्ही खोटे पडाल?”

मास्तरांनी मान तिरकी केली. स्वतःचाच प्रश्न त्यांना बहुधा पहिल्यांदा कुणी विचारला होता. “येक ओळ खोटी निघाली तर,” ते म्हणाले.

वही माझ्या काखेत होती. मी तिला कोपरानं दाबून धरलं होतं.

त्याच संध्याकाळी ते मला घेऊन टाक्याकडे गेले. बादलीनं पाणी उपसायला लागले. मला ‘उपस’ म्हणाले नाहीत. पाणी खाली गेलं तशा आतल्या भिंतीवर पांढऱ्या रेषा दिसू लागल्या. ठोकळ्यांतला चुना उतरलेलं पाणी हळूहळू खाली जाताना जिथे जिथे थांबतं तिथे रेघ सोडून जातं. मी हे जाणत होतो. बूच ठोकलं त्या दिवशी माझ्या ते लक्षातच आलं नव्हतं. काठापासून बुडापर्यंत रेषाच रेषा. मास्तरांनी सगळ्यांत खालच्या रेषेवर बोट ठेवलं.

“किसन, पाणी कधी उतरलं होतं काय?”

“नाही, मास्तर.”

त्यांनी एकदाच विचारलं. काय दिसलं म्हणजे मी खोटा पडेन हे विचारलं नाही. ते आमच्या दोघांच्या समोर होतं. त्यांचं बोट त्याच्यावर होतं. मग त्यांनी बादली उचलली आणि टाकं पुन्हा भरायला लागले. ओल्या विटांवरच्या रेषा एकेक करून बुडाल्या. मीही दुसरी बादली घेतली. आम्ही दोघांनी मिळून ते टाकं काठोकाठ भरलं.

दुसऱ्या दिवशी ते साहेबांना म्हणाले, “ठोकळे कच्चे निघाले ते लॅबच्या हातानं. लॅब माही.”

“कसे? काय चुकलं ते माहीत नाही का?”

“सांगत नाई.”

“माहीत नाही की सांगत नाही?”

“सांगत नाई.”

“मग मला तुमच्याविरुद्ध लिहावं लागेल.”

“लिहा,” मास्तर म्हणाले. त्या आवाजात दीनपणा नव्हता. घणाचा दांडा पुढे करताना होता तोच आवाज.

त्यांनी माझं नाव का घेतलं नाही? लोक मायेचं काहीतरी कारण सुचवतील. मला माहीत नाही. माहीत नसताना अंदाज ठोकणं त्यांना चाललं नसतं. एवढंच सांगतो, त्यानंतरचे आठ दिवस आम्ही एकाच शेडमध्ये होतो आणि ते माझ्याशी नेहमीसारखे बोलले. कबूल करायला ते एक दार रोज उघडं होतं. मी त्यातून रोज ये-जा केली आणि काही बोललो नाही.

साहेबांनी लिहिलं, मास्तरांची नोकरी गेली. दुर्ग स्टेशनावर गोंदियाकडची पॅसेंजर उभी होती. काकू ट्रंकेवर बसल्या होत्या. इतवारी आला होता, त्यानं जांभळांची टोपली आणली होती. मास्तर घेईनात. काकूंनी घेतली. ठवकरनं पाहिली ती हीच टोपली.

ठवकर, आता तुझा दावा मी मांडतो. तुझ्यापेक्षा बरा मांडतो. वहीत पाणी पूर्ण होतं. ठोकळे फुटले. ब्लॉक पक्का निघाला, म्हणजे ठोकळ्यांत गडबड झाली. मास्तरांना कारण माहीत होतं आणि त्यांनी सांगितलं नाही. निर्दोष माणूस कारण दडवत नाही. त्यातून ज्याला त्यांनी वाचवलं तोच त्यांना टोपली देताना दिसला. दावा चांगला आहे. इतकी वर्षं कुणी खोडला नाही, कारण तो खोडायला एकच गोष्ट लागत होती आणि ती माझ्याजवळ होती. वहीत पाणी पूर्ण होतं, टाक्यात नव्हतं. सहा दिवस. मी, किसन, तिकडे गेलो नव्हतो. आता बोल.

गाडी हलायला लागली तेव्हा मी खिडकीपाशी होतो. मास्तर काकूंना ट्रंक नीट सरकवायला सांगत होते. मग वळले. मला वाटलं, आता विचारतील. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, खिडकीतून वाकले आणि ती माझ्या डोक्यावर ठेवली. दोन्ही हातांनी, नीट बसवून.

“खोडलं,” म्हणाले. या वेळी टाळी वाजवली नाही.

शेजारी ठवकर हसला. “किसन, तू कधी खोडलं रे याहिले?” मी टोपी सावरून गाडीबरोबर चार पावलं चाललो. डबा पुढे जात होता, खिडकीत मास्तरांचं बोडकं डोकं होतं, आणि ते समोर रुळांकडे पाहत होते.

मास्तर पुन्हा एका खेड्यातल्या शाळेत शिकवायला लागल्याचं कळलं. नंतर वारल्याचंही कळलं. मी दोन्ही वेळा गेलो नाही. काकू तुमसरजवळच असतात, नजर अधू झाली आहे म्हणतात. इतवारी उतईला आहे, नातवंडांत. ब्लॉकवर ते मशीन इतकी वर्षं चालतं आहे.

टोपी पाळी संपेपर्यंतच ठेवायची असते. माझ्याकडे ती सव्वीस वर्षं आहे, शांतेला वाटतं माझ्या वडिलांची आहे. ती धुऊन काकूंच्या हातात परत द्यायची आहे, आणि कशाबद्दल मिळाली होती ते त्यांना तोंडानं सांगायचं आहे. परतल्यावर उतईला जाऊन इतवारीलाही. एवढं देणं माझ्याकडे बाकी आहे.